घोंगडीवाल्या पिराची पोथी, कडांसकट

सेलूच्या बायनाबाई जिनगरणीला वाकडंतिकडं काही म्हणून खपत नसे. खाट भिंतीला धरून सरळ नसली, तर तिच्यावर झोपलेल्या माणसासकट ती खाट सरळ करायची. नवरा हयात होता तोवर झोपलेला माणूस बहुतेक वेळा तोच असे.

नवऱ्याचं नाव बन्सीधर. पुस्तकं आणि रजिस्टरं बांधायचं दुकान त्याच्या नावावर चालायचं. पानांची जुजं शिवायची बायनाबाईनं, खळ शिजवायची तिनं, पुठ्ठ्यावर चामडं ओढून बसवायचं तिनं. शेवटी पुस्तक लाकडी शिकंज्यात आवळून कडा कापायच्या, तेवढं काम बन्सीधरनं स्वतःकडे ठेवलं होतं. पातं पुरुषाच्या हातात शोभतं, असं त्याचं म्हणणं. आणि मग तो ते काम करायचाच नाही. अर्धी पुस्तकं दुकानातून कडा न कापताच जायची, पानं पुढंमागं झालेली, न विंचरलेल्या केसांसारखी. बायनाबाई चिडचिड करायची, तो कूस बदलायचा.

निजामाच्या अमलात, फसली सन तेराशे पंचेचाळीसला, बन्सीधर तापानं गेला. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी बायनाबाईनं पात्याला धार लावली. त्यानंतर सेलूत बांधल्या गेलेल्या कोणत्याही रजिस्टराच्या कडेवरून बोट फिरवावं, काचेवरून फिरवल्यासारखं वाटे. तहसीलचं काम आलं, शाळेचं आलं, जिनिंगचं आलं. तिला स्वतःला अक्षर एकही येत नव्हतं. उजवीकडून उघडतं ते सरकारी, डावीकडून उघडतं ते आपलं, एवढ्या ओळखीवर तिचं भागत होतं. भागत होतं, असं तिला वाटत होतं.

तेराशे अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात बोरतळ्याच्या पिराचे मुजावर मदारसाब दुकानात आले. डोक्यावर हिरव्या फडक्यातलं गाठोडं. चार कोस चिखल तुडवत पायी आले होते, कारण गाडीत बसलं की गाठोडं गाडीवानाच्या बुडाच्या पातळीला येतं. गाठोड्यात त्यांच्या पिराची पोथी होती. ते तिला किताब म्हणत.

बोरतळं म्हणजे पिंजाऱ्यांची चाळीस घरं. एकेकाळी पंचक्रोशीतल्या गाद्या त्यांनी पिंजलेल्या कापसाच्या असत. सेलूत जिनिंग आल्यावर पिंजायच्या धनुकल्या खुंटीला गेल्या आणि निम्मी माणसं त्याच जिनिंगात हमालीला लागली. त्यांच्याकडे जमीन नव्हती, वतन नव्हतं, कुणा राजाची सनद नव्हती. एक पीर होता, खांद्यावर घोंगडी टाकून हिंडलेला, म्हणून घोंगडीवाला. त्याची कबर होती. आणि दखनी बोलीत, पद्यात, हातानं लिहिलेली त्याच्या आयुष्याची ही पोथी होती. दरवर्षी रजब महिन्यात उरूस भरे आणि सकाळपासून पोथी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली जाई. आपण कोण, हे बोरतळेकरांना त्या दिवशी कळायचं, ते वर्षभर पुरायचं.

पोथीची शिवण तुटली होती. मागच्या वेळी, वीसेक वर्षांपूर्वी, ती बन्सीधरनं बांधली होती. म्हणजे बायनाबाईनंच, पण तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी पालमला गेलेली, म्हणून खरोखरच बन्सीधरनं. ते दिसतच होतं. एकशे बारा पानांतली कुठलीही दोन पानं एका रेघेत नव्हती.

मदारसाबांनी पहिल्या पानाच्या माथ्यावरचे दोन शब्द बोटानं दाखवले. ते म्हणाले, 'या कबीकज', म्हणजे 'हे कबीकजा'; हा किड्यांचा बादशहा, त्याची दुहाई दिली की किडे पोथीला लागत नाहीत. बायनाबाईनं पान उजेडासमोर धरलं. बादशहाच्या नावातूनच दोन भोकं आरपार गेली होती. पुढच्या सगळ्या पानांना, कडेकडेनं, कसर लागलेली. दुसऱ्याच्या देवाधर्माबद्दल बोलायचं नाही, हा तिचा नियम, आणि तो पाळताना तिला फार त्रास होई.

जाताना मदारसाबांनी नेहमीची गोष्ट बजावली. पोथीचा कागदाचा कपटासुद्धा केरात जाऊ द्यायचा नाही. मडक्यात साठवायचा, ते येऊन नेतील आणि दुधना नदीच्या धारेत सोडतील. बन्सीधरही तसंच करायचा. बायनाबाईनं मडकं काढलं.

काम तिनं जीव ओतून केलं. रोज आंघोळ करून पोथीला हात लावला, पोथी पाटावर आणि स्वतः जमिनीवर. कागद दौलताबादी, अजून चिवट. मधोमध लाल रेघांची चौकट, चौकटीत ठसठशीत वळणदार अक्षर. चौकटीबाहेर मात्र कचरा. कुठं उभं, कुठं आडवं, वेगवेगळ्या शायांचं, मुंग्या चिरडल्यासारखं खरडलेलं. बायनाबाईनं असलं तहसीलच्या रजिस्टरांत हजारदा पाहिलं होतं. टाक चालतो का बघायला कारकून कडेला फराटे ओढतात. एवढ्या देखण्या पोथीभोवती ही घाण, आणि नवऱ्यानं ती तशीच राहू दिलेली. तिनं पोथी शिकंज्यात आवळली आणि तिन्ही कडांनी बोटबोटभर कापून काढली.

तीनशे छत्तीस पट्ट्या निघाल्या, मडकं भरलं. पोथी अशी दिसायला लागली, की उलट्या बाजूनं धरली तरी विटेसारखी चौकोनी. खोटं कशाला सांगायचं, त्या दिवशी तिला बन्सीधर असायला हवा होता असं वाटलं. त्याला दाखवायला.

मदारसाब आले. पोथी डोळ्यांना लावली, चामड्यावरून हात फिरवला, वा म्हणाले. मग पान उलटलं. अजून एक उलटलं. मग भराभर दहापंधरा उलटली. त्यांचा आवाज चढला नाही.

"बायनाबाई, आमची माणसं कुठं गेली?"

तिला आधी काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. बोरतळ्याच्या प्रत्येक घराची दोन-तीन पानं ठरलेली. घरात कुणी जन्मलं, कुणी गेलं, की त्या घराच्या पानाच्या कडेला मुजावरानं लिहायचं. उरुसाला वाचता वाचता ते पान आलं, की थांबून त्या घरातली माणसं नावानिशी वाचायची, घरच्यांनी आमीन म्हणायचं, आणि पुढं जायचं. दोनशे वर्षांची माणसं त्या कडांवर होती. दुसरीकडे कुठंही नव्हती.

बायनाबाई रागावली. हे आधी सांगायला काय झालं होतं, कपट्यांबद्दल सांगायला तोंड होतं आणि माणसांबद्दल सांगायला नव्हतं का, असं तिनं मदारसाबांना सुनावलं. ते म्हणाले, बन्सीधरला कधी सांगावं लागलं नाही. ते ऐकून ती जास्तच रागावली. मग आतून मडकं आणून तिनं त्यांच्यापुढं आदळलं.

उरुसाला सोळा दिवस होते.

"जिथली पट्टी तिथं लावून देते," ती म्हणाली. "एक बी कमी असंल तर माझं दुकान बंद म्हणून समजा."

असं बोलायची गरज नव्हती. मदारसाबांनी तसं मागितलंही नव्हतं. पण बायनाबाईच्या तोंडून शब्द निघाला की तो तिच्या कडांसारखाच, मागंपुढं व्हायचा नाही.

पट्ट्या वाचायला कुणीतरी हवं होतं. तहसीलीतून निवृत्त झालेले पेशकार व्यंकटराव यांच्याएवढं उर्दू-फारसी गावात कुणालाच काय, मदारसाबांनाही येत नव्हतं. त्यांना बोलावलं, ही तिची दुसरी चूक. पेशकार उत्साहानं आले. दुकानाच्या ओट्यावर खुर्ची टाकून ते मडक्यातली पट्टी काढायचे आणि पल्लेदार आवाजात वाचायचे. चाँदबी बुधवारी गेली. यंदा तळं फुटलं. लालनची गाय हरवली, लालनची गाय सापडली. मदारनं आज पहिल्यांदा वाचन केलं, तीन ठिकाणी अडखळला. हे ऐकून मदारसाब साठाव्या वर्षी लाजले.

बातमी बोरतळ्याला गेली आणि दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर जत्रा. हमालीला निघालेली माणसं आधी इथं. ही माझ्या आज्याची पट्टी. न्हाई, माझ्या आज्याची. दोघांचे आजे दस्तगीर. बोरतळ्यात दर तिसऱ्या घरात एक दस्तगीर, एक मदार आणि दोन चाँदबी. कोणता कुणाचा, हे कळायला मार्ग नाही. बायका पट्टी हातात घेऊन रडायच्या, आणि ओली झालेली पट्टी बायनाबाईला पुन्हा वाळवावी लागायची. पावसाळी हवेत खळ दुसऱ्या दिवशी आंबायची. चार दिवसांत एकही पट्टी लागली नाही.

पाचव्या दिवशी पेशकारांनी हिजरी आणि फसली सनांचा मेळ घालून एक तक्ता केला आणि तक्त्याप्रमाणे अकरा पट्ट्या चिकटवायला लावल्या. मदारसाबांनी त्या पाहिल्या आणि डोक्याला हात लावला. मुजावरांनी सनावळीनं लिहिलंच नव्हतं, जागा दिसेल तिथं लिहिलं होतं. पेशकारांनी मदारसाबांच्या चुलत आजोबांना अशा घरात नेऊन बसवलं होतं, की ज्या घराचं पाणी आजोबांनी चाळीस वर्षं घेतलं नव्हतं. अकराच्या अकरा पट्ट्या वाफ देऊन सोडवाव्या लागल्या. त्यातच तिला दिसलं, की पेशकार खिशातला टाक काढून पट्ट्यांवरच्या लिहिण्यातल्या चुका दुरुस्त करायलेत. तिनं टाक काढून घेतला आणि सुयांच्या डब्यात टाकला. पेशकार म्हणाले, बाई, हे अशुद्ध आहे. ती म्हणाली, अशुद्ध माणसं अशुद्धच मेली असतील.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर ती पोथी आणि पट्ट्या पुढ्यात घेऊन नुसती बसली. वाचता येत नाही याची तिला जन्मात पहिल्यांदा चीड आली. मग तिनं तेच केलं जे तिला येत होतं. कागद उजेडाकडे धरला.

पट्टीच्या कापलेल्या कडेला अर्धं भोक होतं. पोथीतल्या एका पानाच्या कडेला दुसरं अर्धं. किड्याला अक्षर कळत नाही, सन कळत नाही, भाऊबंदकी कळत नाही. तो एका पानातून शिरतो तो सरळ पुढच्या पानात जातो. तिसाव्या पानावर भोक जिथं आहे, एकतिसाव्यावर ते तिथून तांदळाच्या दाण्याएवढं वर. बत्तिसाव्यावर आणखी तेवढंच. जिथं किडा वळला तिथं सगळ्या पानांवर वळलेला. बायनाबाई उठली, ओट्याकडचं दार लावून घेतलं, आणि मोठ्यानं म्हणाली की पाच दिवस फुकट घालवले या लोकांनी.

दुसऱ्या दिवशी जत्रा आली तेव्हा ओटा बंद. खिडकीतून तिनं सांगितलं की आता कुणाचा आजा कुणाचा हे किडा सांगेल, तुमी कामाला जा. लोकांना ते आवडलं नाही. पेशकारांना तर मुळीच नाही. तरी ते रोज यायचे आणि तिनं लावलेली पट्टी वाचून बरोबर आहे की नाही ते मदारसाबांकडून ठरवून घ्यायचे. बरोबर असायचीच. ज्या बादशहाला किडे दूर ठेवायला नेमलं होतं, त्यानं कामचुकारपणा केला म्हणून पोथी जुळत होती. मदारसाबांनी यात पिराची करणी पाहिली. बायनाबाईनं पुन्हा आपला नियम पाळला.

फक्त एक म्हातारी जाईना. मौलानबी. नवरा गेलेला, दोन मुलं गेलेली, घरात कुणी नाही. रोज चार कोस येऊन उंबऱ्याबाहेर बसायची, काही बोलायची नाही. बोलली असती तर बायनाबाईला तिच्यावर ओरडता तरी आलं असतं. मदारसाबांनी सांगितलं, की तिच्या नवऱ्याची आणि मुलांची नावं एका पानावर आहेत, ती लागली. मानमोडीच्या साथीच्या साली तिला एक पोर झाली होती, काही दिवसांची होऊन गेली, तिचं नाव दुसऱ्या पानावर होतं. ते पान एकशे सहावं. त्याची बाहेरची पट्टी मडक्यात नव्हती.

उरुसाला तीन दिवस राहिले होते. तीनशे बत्तीस पट्ट्या लागल्या होत्या. चार नव्हत्या. बायनाबाईनं मडकं उलटं केलं, दुकान झाडलं, पाट उचलला. मौलानबीला तिनं विचारलं, की मावशी, नाव तर तुमाला ठाऊक असंलच, पेशकार दुसऱ्या पट्टीवर लिवून देतील, मी लावते.

"मला ठाऊक हाय गं," मौलानबी म्हणाली. "पण ते माझं सांगणं झालं. मुजावरानं लिवलेलं हाय ते दुसऱ्याचं सांगणं. मी मेल्यावर माझं सांगणं कोण ऐकणार?"

बायनाबाईनं खळीच्या वाडग्यात बोट फिरवलं आणि फिरवता फिरवता थांबली. आठवलं. कडा कापल्या त्याच दिवशी जिनिंगचं हजेरीचं रजिस्टर द्यायचं होतं. त्याच्या पाठीला आतून चिकटवायला चिवट कागद हवा होता. दौलताबादीच्या चार पट्ट्या कोऱ्या दिसल्या, त्या तिनं लावून टाकल्या. मडक्यात न टाकता. बजावलेलं असताना. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मदारसाबांना मात्र सांगावं लागलं, कारण ते तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं त्यांना म्हटलं, काहीतरी म्हणा की. ते म्हणाले, बाई, चला, जिनिंगला जाऊ.

जिनिंगातलं रजिस्टर चंद्रभान नावाच्या कारकुनाच्या ताब्यात. चंद्रभाननं ऐकूनच घेतलं नाही. चालू रजिस्टर, दीडशे माणसांची हजेरी त्यात, एका म्हातारीच्या कपट्यासाठी त्याची पाठ फोडू देणार नाही. बायनाबाईनं विचारलं, दीडशांतले बोरतळ्याचे किती? तो म्हणाला, साठ-सत्तर असतील. ती म्हणाली, त्यांची आजची हजेरी लिवायला कागद हाय तुमच्याकडं, आणि त्यांच्या पोरीबाळींची आमी तुमच्याच पुस्तकाला चिकटवून बसलो. एवढं बोलून ती त्याच्या टेबलासमोर जमिनीवर बसली. चंद्रभानला दुसरी कामं होती. थोड्या वेळानं त्यानं अट घातली, की रजिस्टर आवारातून बाहेर जाणार नाही आणि दुपारच्या भोंग्याच्या आत होतं तसं करून मिळालं पाहिजे.

बायनाबाईनं इंजिनघरात बस्तान मांडलं. बॉयलरच्या नळीतून फुसफुसणाऱ्या वाफेवर रजिस्टराची पाठ धरली, खळ मऊ झाली तशी दाभणाच्या टोकानं चामडं उचललं. घाम डोळ्यांत जात होता. बोरतळ्याचे हमाल गाठी टाकून दारात उभे राहिले. त्यांना तिनं हाकललं, ते गेले नाहीत. एक पट्टी निघाली, कोरी. दुसरी कोरी. तिसरी दोन्ही बाजूंनी कोरी. चौथी उलटली तेव्हा मागच्या बाजूला, पार फिकट झालेली, एक ओळ होती. कडेला अर्धं भोक. भोंग्याच्या आत तिनं रजिस्टर पुन्हा बांधलं आणि चंद्रभानच्या टेबलावर टेबलाच्या कडेला समांतर ठेवून दिलं.

दुकानात परत येऊन पट्टी पेशकारांच्या हातात दिली. या वेळी त्यांनी पल्लेदार वाचलं नाही.

"मौलानची पोर," ते म्हणाले. "नाव गुलाब. नऊ दिवस."

मौलानबी पुढं झुकून ऐकत होती. "धा," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"नऊ न्हाई, धा दिवस. धाव्या दिवशी सकाळी दूध प्याली. मुजावर घाईत व्हता, रोज दोन-तीन मयती. चुकला."

तेरा दिवस. बायनाबाईनं तेरा दिवस जेवण धड केलं नव्हतं, बॉयलरला तोंड भाजून घेतलं होतं, चंद्रभानसारख्या माणसापुढं जमिनीवर बसली होती, आणि हे सगळं कशासाठी, तर चुकीच्या पट्टीसाठी. हे म्हातारीनं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं ती बोलायला गेली. पण म्हातारीच्या डोळ्यांत खटल्याचा निकाल लागल्यावर येतो तसा एक उजेड होता. दुसऱ्याचं सांगणं सापडलं होतं, आणि त्यात आपलं सांगणं मिसळायचा हक्क तिला आता मिळाला होता. बायनाबाई उठली, सुयांच्या डब्यातून टाक काढला, आणि पेशकारांसमोर धरला.

"लिवा धा," ती म्हणाली. "आणि नीट लिवा. मला परत काढायला लावू नका."

उरुसाच्या सकाळी मदारसाबांनी पोथी वाचायला घेतली. पोथी आता मिटत नव्हती. डागडुजीनं कडा फुगल्या होत्या, पट्ट्या पुढंमागं, खळीचे डाग, एकशे बारा पानांतली कुठलीही दोन पानं एका रेघेत नव्हती. बन्सीधरनं बांधली होती तेव्हा तरी बरी दिसत असेल. बायनाबाई बायकांच्या घोळक्यात पाठीमागं बसून तेवढंच बघत होती. एकशे सहावं पान आलं. मदारसाबांनी गुलाबचं नाव वाचलं, दहा दिवस म्हणून वाचलं. मौलानबीच्या घरचं आमीन म्हणायला मौलानबी एकटीच. ती म्हणाली, आणि तिच्या पाठोपाठ सगळ्या बायका म्हणाल्या. शेजारचीनं कोपरानं ढोसलं म्हणून बायनाबाईनंही म्हटलं.

नंतर मलिद्याचा द्रोण हातात घेऊन तिनं मदारसाबांना गाठलं. सोळा दिवस विचारायचं टाळलेलं तिनं विचारलं. बन्सीधरनं कडा कापल्या नव्हत्या, त्या काय समजून? त्याला कडांवरच्या माणसांचं ठाऊक होतं का?

मदारसाबांनी समोरच्या लिंबाकडे पाहिलं.

"सांगता यायचं न्हाई, बाई. ते इथंच काम करायला आले, मी पोथी दिली, ते तिकडं लिंबाखाली दोन दिवस झोपले. तिसऱ्या दिवशी शिवून दिली. मी काही बोललो न्हाई, ते काही बोलले न्हाईत."

एवढंच उत्तर तिला मिळालं. पुढं तीस वर्षं तिनं दुकान चालवलं. राज्य बदललं, रजिस्टरं डावीकडून उघडायला लागली. कोणतंही लिहिलेलं पुस्तक आलं की ती आधी कुणाकडून तरी कडा वाचून घ्यायची आणि मग पात्याला हात लावायची; गिऱ्हाइकं उशीर होतो म्हणून कुरकुरायची, ती दुप्पट कुरकुरायची. बन्सीधरला ठाऊक होतं, का तो नुसता आळशी होता, हा प्रश्न तिनं अनेकांना घातला. लोक भलेपणानं म्हणत, ठाऊक असणार. तिचं स्वतःचं मत शेवटपर्यंत आळशी असंच राहिलं. पण ते सांगताना ती खाटेकडे बघायची, आणि खाट वाकडी असली तर पुष्कळदा उठायला विसरायची.